मन्मथप्पांची तयारी

मन्मथप्पा कोराळे लोकांसमोर पहिल्यांदा गायले ते किल्लारीच्या भूकंपानंतरच्या नवव्या हिवाळ्यात, नांदेडला, एका रविवारी सकाळी. त्या वेळी त्यांचं वय एकसष्ट होतं आणि लातूरमध्ये ते निदान तीस वर्षं शास्त्रीय गायक म्हणून ओळखले जात होते.

या दोन गोष्टींत लातूरकरांना कधी विसंगती वाटली नाही. अप्पांचं गाणं ऐकलेला माणूस गावात शोधून सापडला नसता, पण त्यांची तयारी सगळ्यांनी पाहिली होती. मे महिन्यात डांबर वितळत असताना ते गळ्याला मफलर गुंडाळून बाजारात येत. डाळमिलांच्या भागातून शाळेचा सरळ रस्ता होता. तुरीची धूळ नको म्हणून ते लांबच्या रस्त्यानं जात आणि तरीही नाकाला रुमाल लावत. एसटीत खिडकीशेजारी बसत नसत, आणि जो बसला असेल त्याला काच लावायला सांगत. त्या मार्गावरचे कंडक्टर त्यांना ओळखत. अप्पा चढले की ते स्वतःच ओरडून खिडक्या लावायला सांगत आणि का लावायच्या हेही प्रवाशांना सांगत. उकाड्यात बसलेले प्रवासी मग त्या गृहस्थांकडे आदरानं बघत.

कुणी विचारलं की अप्पा, कधी ऐकवता, तर उत्तर ठरलेलं होतं. "तयारी चालू हाय."

विचारणाऱ्याचंही समाधान व्हायचं. ज्याची तयारी इतकी वर्षं चालू आहे त्याचं गाणं केवढं असेल, असा हिशेब लोक आपापल्या मनाशी करत. गणपती मंडळाच्या पत्रिकेत, सत्काराच्या बातमीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांच्या नावामागे 'सुप्रसिद्ध गायक' असं लागायचं. आमच्या दैनिकानंही ते अनेकदा छापलं आहे. त्याला आधार काय, असं वार्ताहराला कुणी विचारलं नाही.

पोटासाठी ते एका शाळेत संगीत शिक्षक होते. तिथंही ते गात नसत. पेटीवर सूर धरायचे, डोळ्यांनी मुलांना वर चढवायचे आणि भुवया खाली आणून समेवर आणायचे. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज चाळिशीत आहेत. भुवई वर गेलेला माणूस समोर आला की अजून आवाज चढतो, असं त्यातला एक वकील सांगतो.

सोमवारी अप्पांचं मौन असे. घर लिंगायत, सोमवार महादेवाचा; मौनाला धर्माचं कारण होतं आणि गळ्याला विश्रांतीही मिळत होती. एका सोमवारी शाळा तपासायला अधिकारी आले. संगीताच्या वर्गात शिरून त्यांनी मुलांना किती राग येतात असं अप्पांना विचारलं. अप्पांनी पेटीवर एक सरगम वाजवली. अधिकाऱ्यांनी दुसरा प्रश्न विचारला, अप्पांनी दुसरी सरगम वाजवली. मुख्याध्यापक घामाघूम होऊन शेजारी उभे होते. पाहुण्यांना मात्र असा विषयात बुडालेला शिक्षक त्या दौऱ्यात दुसरा भेटला नव्हता, आणि निघताना त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

या तयारीचा खरा भार होता तो त्यांच्या पत्नी गिरजाबाईंवर. दही, पेरू, केळी, चिंच, बर्फ हे घरात येत नसे. सगळ्यात अवघड होते शेंगदाणे. लातूरच्या स्वयंपाकातून शेंगदाणा काढला तर फारसं काही उरत नाही. गिरजाबाई दोन चुलींवर दोन भाज्या करत, एक कूट घातलेली आणि एक बिनकुटाची. आल्यागेल्याला त्या त्याचं कारण सरळ सांगत. "आमच्या घरी गळ्याचा सैपाक वेगळा आन् मानसांचा वेगळा."

अप्पांचे गुरू नांदेडचे दस्तगीर खाँसाहेब. तरुणपणी अप्पा दर शनिवारी शाळा सुटली की नांदेडची गाडी धरत आणि रविवारी रात्री परत येत. लग्नानंतरही हे अनेक वर्षं चाललं. खाँसाहेबांनी त्यांना पुष्कळ काही शिकवलं, पण जीव ओतून शिकवली ती तोडी, सकाळचा राग. ही एकदा नांदेडच्या लोकांसमोर गा, असं ते म्हणाले होते. त्याच बैठकीत त्यांनी दुसरंही एक सांगितलं होतं, की पुरी तयारी झाल्याशिवाय बसू नकोस. पुढे लवकरच खाँसाहेब वारले. दोन्ही आज्ञा अप्पांकडे राहिल्या, आणि दुसरी पहिलीच्या आड उभी राहिली.

खाँसाहेबांचा मुलगा जब्बारभाई. नांदेडला त्याचं तबला-पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. स्वतः उत्तम तबला वाजवायचा. वडिलांची बरसी, म्हणजे पुण्यतिथीचं गाणं, तो दर हिवाळ्यात करी. तारखेनं नव्हे, सोयीनं, जानेवारी-फेब्रुवारीतला एखादा रविवार धरून. गोदावरीच्या बाजूला एक मंगल कार्यालय होतं, तिथं सकाळपासून गाणं चाले. अप्पांना बोलवायला तो दरवर्षी स्वतः लातूरला येत असे. पत्र पाठवलं तर नाही म्हणणं सोपं जातं, असं त्याचं मत होतं. तो यायचा, चहा घ्यायचा, अप्पा कोण कोण गाणार आहे ते विचारायचे, प्रत्येक नावावर मान हलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "औंदा न्हाई जब्बार. पुढल्या साली बघू." जब्बारभाई जोडे घालायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा.

एका वर्षी अप्पा हो म्हणाले. भूकंपाचं वर्ष.

त्या वर्षी पावसाळ्यात त्यांनी स्वतःहून नांदेडला निरोप पाठवला होता, की येत्या बरसीला बसतो. जब्बारभाईनं दुकानाच्या फळीवर अप्पांचं नाव खडूनं लिहून ठेवलं. सप्टेंबर संपता संपता भूकंप झाला. लातूर शहरात पडझड कमी होती, पण घरात झोपायला कुणी धजत नव्हतं. अप्पाही शाळेच्या मैदानावर ताडपत्रीखाली झोपू लागले. ज्या माणसानं वीस वर्षं एसटीच्या खिडकीचा वारा चुकवला, तो दोन महिने मोकळ्या मैदानात झोपला. दिवाळीपर्यंत त्यांचा आवाज पूर्ण बसला. बरसी तर रद्दच झाली होती. त्यासाठी जमवलेलं सगळं जब्बारभाईनं ब्लँकेटांत घातलं आणि ट्रक घेऊन तो किल्लारीच्या बाजूला निघाला. लातूरहून अप्पा बरोबर गेले, कारण तिकडच्या एका गावी त्यांची मावशी दिली होती आणि वाटा माहीत होत्या. बातमीसाठी मीही त्या ट्रकमध्ये होतो.

दुपारी एका पत्र्याच्या वस्तीवर वाटप झालं. कुणीतरी उत्साहानं सांगितलं की हे लातूरचे मोठे गायक. अप्पांच्या गळ्यातलं लिंग बघून एक म्हातारा पुढे आला. त्याच्या घरातलं कोण उरलं होतं ते त्यानं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्याचं म्हणणं एवढंच होतं की भूकंपापासून वस्तीत सोमवारचं भजन झालेलं नाही, भजन म्हणणारे राहिले नाहीत, तर एक भजन म्हणा.

अप्पांनी गळ्याला हात लावला. "आवाज बसलाय," ते म्हणाले.

हे खरं होतं. म्हातारा तसाच उभा राहिला. मग जब्बारभाईनं गोडेतेलाचा एक रिकामा डबा ओढून घेतला, त्यावर ठेका धरला आणि लहानपणी वडिलांच्या शिष्यांकडून कानावर पडलेलं एक भजन म्हणायला सुरुवात केली. तो तबलजी होता. गळा भसाडा, शब्द अर्धे. एकेक करून माणसं जमली, म्हाताराही म्हणू लागला, आणि चुकलेले शब्द त्यांनी बरोबर करून घेतले. अप्पा मांडीवर ताल देत होते. परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये, औशाच्या अलीकडे अप्पा म्हणाले की तो म्हातारा सुराला जरा उतरा होता, पण त्याचा खर्ज, खालचा आवाज, चांगला आहे.

त्यानंतरचा हिवाळा आवाज परत आणण्यात गेला, आणि पुढचा तो टिकवण्यात.

दरम्यान लातूर बदलत होतं. भूकंपाची भीती गावातून नेमकी कधी गेली हे सांगता येत नाही, पण क्लासेसची गर्दी आली तेव्हा ती शिल्लक नव्हती. ज्यांनी स्लॅबखाली झोपायचं नाही अशी शपथ घेतली होती त्यांनी स्लॅबवर दुसरा स्लॅब टाकला. गल्लीगल्लीत खोल्या झाल्या, मेस झाल्या, चौकांत डॉक्टरीला लागलेल्या मुलांचे फोटो लागले. गिरजाबाईंनीही मातीचं जुनं माळवद पाडून वर मजला चढवला आणि मुलींना खोल्या दिल्या. अर्धापूर, हिमायतनगर, किनवट, कुठून कुठून मुली आल्या. त्या पहाटे उठून अभ्यासाला बसत. अप्पा पहाटे उठून रियाजाला बसत. भिंती नव्या होत्या, पातळ होत्या.

पहिल्या वर्षीच्या मुलींत अर्धापूरची वैशाली होती. तिचे वडील माधवराव केळीचे बागाईतदार. एके दिवशी ते केळीचा एक घड घेऊन आले आणि अप्पांसमोर ठेवून बसले. अप्पांनी घडाकडे बघितलं आणि खुर्ची जरा मागे घेतली.

"अप्पा," माधवराव म्हणाले, "तुमचं गानं लई भारी आसंल, मला त्यातलं कळत न्हाई. पन पोरीचं बारावीचं वरीस हाय. तेवढा आवाज जरा खाली घ्या."

दुसरा कुणी गायक असता तर त्यानं घड परत केला असता किंवा खोली रिकामी करून घेतली असती. अप्पांनी एक दिवस विचार केला. खाली घ्या म्हणजे हळू गा, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं; दबक्या आवाजात गाऊन गळा बिघडतो. पण खाली घ्या याचा दुसरा मार्ग होता. मंद्र सप्तक, खालचे सूर. खर्ज हाच गाण्याचा पाया, असं खाँसाहेबही सांगत. परीक्षा होईपर्यंत फक्त खर्ज भरायचा, असं त्यांनी ठरवलं. दार लावून, तंबोरा अंगाशी धरून ते खालच्या षड्जावर बसू लागले आणि तिथून आणखी खाली जाऊ लागले.

बारावीची परीक्षा झाली. मग प्रवेशपरीक्षा आली. ती झाली तोवर जून उजाडला आणि नवी तुकडी राहायला आली. लातूरमध्ये परीक्षेचा हंगाम संपत नाही, हे अप्पांच्या उशिरा लक्षात आलं. आलं तेव्हा त्यांचं काही अडत नव्हतं. कुणी वरच्या सुरांची आठवण केली तर ते म्हणत, "वरचा सा कुठं पळून चाललाय? घरचाच हाय त्यो."

आणि खर्ज खरोखर विलक्षण झाला होता. तो ऐकू येण्याआधी जाणवायचा. वरच्या खोलीतल्या मुली सांगत की पहाटे फरशी बारीक घुमते, पाण्याच्या तांब्यावर हात ठेवला तर कळतं. सुरुवातीला त्यांना झोप यायची; मग सवय झाली; मग उलटं झालं. त्या घुमण्यात फिजिक्स चांगलं डोक्यात जातं, असं वैशालीनं मैत्रिणींना सांगितलं. वैशालीला मेडिकलला प्रवेश मिळाला आणि माधवरावांनी ही गोष्ट अर्धापूरला सांगितली. पुढच्या जूनमध्ये पालक आले ते बरोबर अप्पांच्या खोलीच्या वरची खोली मागत. ती गिरजाबाईंच्या घरात सगळ्यात आधी भरू लागली. एका क्लासच्या सरांनीही ती सुचवल्याचं मी ऐकलं. हिमायतनगरहून आलेल्या एका पालकांनी अप्पांना विचारलं की केमिस्ट्रीला कोणता राग चालतो. अप्पांनी गंभीरपणे सांगितलं की हा राग नाही, हा नुसता खर्ज आहे. पालक म्हणाले, मग खर्जच चालू ठेवा.

अप्पांनी याबद्दल कधी अभिमान दाखवला नाही आणि तक्रारही केली नाही. पण इतक्या वर्षांच्या तयारीला मिळालेली ही पहिली दाद होती, हे नाकारता येत नाही. ते पहाटेची वेळ कधी चुकवेनासे झाले. गावाला जायचं टाळू लागले. एका मुलीनं जाताना पाया पडून सांगितलं की काका, तुमच्यामुळं झालं. मी तिथं होतो. अप्पांच्या भुवया वर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत.

नवव्या हिवाळ्याच्या तोंडाशी जब्बारभाई आला. अप्पा निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. जब्बारभाईचा उजवा हात कापू लागला होता. त्यानं चहा घेतला आणि सांगितलं की ही शेवटची बरसी, पुढे त्याच्यानं होणार नाही, आणि मागे करणारं कुणी नाही. अप्पांनी नेहमीप्रमाणे कोण कोण गाणार ते विचारलं. नावं ऐकली. मान हलवली. तयारी अजून चालू आहे, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि खाँसाहेबांचे शब्द म्हणून दाखवले, की पुरी तयारी झाल्याशिवाय बसू नकोस.

जब्बारभाई हे वाक्य वीस वर्षं ऐकत आला होता. या वेळी तो उठला नाही.

"अप्पा, अब्बा हे सगळ्यांलाच म्हणायचे," तो म्हणाला. "ज्याला शिकवलं त्याला म्हणायचे. बाकीच्यांनी ऐकलं, पाया पडले अन् दुसऱ्या दिवशी गायला बसले. तुम्ही एकलेच खरं धरून बसले."

अप्पांनी गळ्याची मफलर सोडली आणि पुन्हा गुंडाळली. आतून गिरजाबाई येऊन दारात उभ्या राहिल्या. मग अप्पांनी तंबोऱ्यावर कोण बसेल ते विचारलं. जब्बारभाईनं याचा अर्थ हो असा घेतला, आणि तो बरोबर होता.

बातमी वरच्या मजल्यावर पोचायला वेळ लागला नाही. बरसी पडत होती फेब्रुवारीत, बारावीच्या ऐन तोंडावर. दोन दिवस घर घुमणार नाही, म्हणून पालकांचे फोन येऊ लागले. हिमायतनगरचे ते पालक, ज्यांची दुसरी मुलगी आता वर राहत होती, प्रत्यक्ष आले. त्यांनी अप्पांना वय, थंडी आणि प्रवास यांबद्दल काळजीनं समजावलं. मार्चनंतर आपण लातुरातच मोठा कार्यक्रम ठेवू, असंही सुचवलं. अप्पा डळमळले. मुलींचं वर्ष हा मुद्दा त्यांना खरोखर लागत होता. शिवाय गाणं न करण्याची कारणं समजून घेणं हा त्यांचा जुना अभ्यास होता.

गिरजाबाई पालकांना म्हणाल्या, "खोल्या भाड्यानं दिल्या, मास्तरचा गळा न्हाई दिला." आणि अप्पांकडे वळून म्हणाल्या, "मी पस्तीस वर्सं गळ्याचा सैपाक केला. एकदा त्याला जेवताना तरी बघू द्या."

त्या बरोबर येणार, असंही त्यांनी सांगितलं.

आता तार सप्तकाचा रियाज हवा होता. घरात तो शक्य नव्हता. परीक्षा तोंडावर असताना वरचा सूर लावायला अप्पांचं मन धजेना. लातूरमध्ये त्या वेळी विद्यार्थ्यांना त्रास न देता मोकळ्या गळ्यानं गाता येईल अशी एकच जागा होती, डाळमिल. एका मिलवाल्या नातेवाइकानं सुट्टीच्या दिवशी शेड उघडून दिली. अप्पा दारापर्यंत गेले, आत तुरीची धूळ बघितली, रुमाल नाकाला लावला आणि परत आले. वरच्या षड्जाशी भेट न होताच ते नांदेडला गेले.

त्या रविवारी मंगल कार्यालयात बऱ्यापैकी लोक होते. तीस वर्षं ज्याच्याबद्दल ऐकलं त्याला ऐकायला आलेले होते, आणि लातूरहूनही काही होते. माधवराव अर्धापूरहून आले होते. गिरजाबाई दुसऱ्या रांगेत, पदर डोक्यावर घेऊन. अप्पांनी मफलर काढली, घडी करून मांडीजवळ ठेवली आणि तोडी सुरू केली.

पहिल्यांदा ध्वनिक्षेपकवाल्याला वाटलं माईक बंद आहे. त्यानं बटण वाढवलं. कर्णा कूं करून ओरडला. त्यानं कमी केलं. मागच्या रांगेतून कुणी म्हणालं, चालू झालं का. अप्पा खालच्या षड्जावर बसले होते आणि तिथून निघायला तयार नव्हते. पुढच्या दोन रांगांतल्या लोकांना मात्र कळत होतं की काय चाललं आहे. एक जुने पेटीवाले डोळे मिटून बसले, त्यांनी ते बराच वेळ उघडले नाहीत. ध्वनिक्षेपकवाल्यानं बटण पुन्हा वाढवलं आणि या वेळी तसंच ठेवलं.

तोडी वर चढू लागली. अप्पा मध्य सप्तकात आले, निषादापर्यंत गेले. सगळं सभागृह वरच्या षड्जाची वाट बघत होतं. अप्पा निषादावर थांबले आणि अलगद खाली आले. पुन्हा चढले, पुन्हा त्याच ठिकाणी थांबले, पुन्हा उतरले. तिसऱ्यांदा तेच झालं. जिथं आवाज वर जाऊन मुलींचा अभ्यास मोडला असता, बरोबर तिथं.

जब्बारभाई ठेका देता देता पुढे वाकला.

"अप्पा," तो म्हणाला, "इथं वर कोनी अभ्यास करून न्हाई राहिलं."

तो हळू बोलला होता, पण माईक वाढवलेला होता. सभागृहभर हसू पसरलं. माधवराव सगळ्यांत मोठ्यानं हसले. अप्पाही हसले. मग त्यांनी मान वर केली आणि षड्ज लावला.

तो फाटला. सुरुवातीला सूर आला, मग त्याच्या दोन चिरफळ्या झाल्या, मग नुसती हवा राहिली. हसू थांबलं. जब्बारभाईचा हात तबल्यावर थांबला. तंबोरा चालू होता.

"तयारी न्हाई झाली," अप्पा म्हणाले. त्या सकाळी सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोचलेलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

आयोजकांपैकी एक जण व्यासपीठाच्या पायरीवर चढला, बहुधा हार घालून त्यांना उठवायला. पुढचे गायक आत तंबोरा जुळवत होते. अप्पांनी मांडीजवळची मफलर उचलली. ती गिरजाबाईंच्या दिशेनं खाली ठेवली.

"धर ठेका," ते जब्बारभाईला म्हणाले.

त्यानंतर ते ठरलेल्या वेळेच्या दुपटीहून जास्त गायले. वरचा षड्ज त्यांनी पुन्हा पुन्हा घेतला आणि एकदाही लागला नाही. काही लोक उठून गेले. राहिले ते शेवटपर्यंत राहिले. आमच्या दैनिकात दुसऱ्या दिवशी आलं की सुप्रसिद्ध गायक मन्मथप्पा कोराळे यांच्या तोडीनं रसिक मंत्रमुग्ध झाले. ते वाक्य मी लिहिलं नव्हतं; कार्यक्रमाच्या आधीच पानात बसवलेलं होतं.

लातूरला परतल्यावर अप्पांनी पहाटे पूर्ण गळ्यानं रियाज सुरू केला, तिन्ही सप्तकांत. वरच्या मुली आठवडाभरात दुसरीकडे गेल्या. त्यांचे निकाल जूनमध्ये लागले. मी चौकशी केली. ते आदल्या वर्षीसारखेच होते. गिरजाबाईंनी वरच्या खोल्या पुढे एका बँकेतल्या कुटुंबाला दिल्या, ज्यांना पहाटे उठायची सवय नव्हती. चूलही एक झाली.

अडचण झाली ती गावाची. इतकी वर्षं अप्पा, कधी ऐकवता, असं विचारण्याची लोकांना सवय होती, आणि आता अप्पा हो म्हणू लागले. गणपती मंडळात ते गायले, एका दुकानाच्या उद्घाटनात गायले, शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांच्या नाचाआधी गायले. बोलावणारे अवघडत. विचारणाऱ्यांनी हळूहळू विचारणं बंद केलं. अप्पा मग स्वतः विचारू लागले. मफलर कुठंतरी विसरली होती. गाणं बरं झालं नाही तर ते तसं सांगत आणि पुढचं कुठं आहे ते विचारत.

जब्बारभाईनं बरसी पुन्हा केली नाही. दोघं भेटत ते कुणाच्या ना कुणाच्या कार्यात.

अप्पा भूकंपानंतरच्या तेराव्या श्रावणात लातूरला वारले. त्याआधीचं त्यांचं शेवटचं गाणं अर्धापूरला झालं, उन्हाळ्यात, वैशालीच्या लग्नात. ती डॉक्टर झाली होती आणि नवरा डॉक्टर होता. माधवरावांनी अप्पांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. गाण्याचं अप्पांनीच सुचवलं. अक्षता पडल्यावर, पंगती चालू असताना, मांडवाच्या एका कोपऱ्यात सतरंजी टाकून त्यांची बैठक झाली. माईक नवरदेवाकडच्या मंडळींच्या नावांची घोषणा करण्यात गुंतला होता. जब्बारभाईनं कापऱ्या हातानं ठेका धरला. अप्पांनी दुपारच्या वेळी तोडी घेतली. ही वेळ तोडीची नव्हे, असं जब्बारभाई त्यांना म्हणाला होता.

बँडवाले जेवून परत आले आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. अप्पा थांबले नाहीत. वरचा षड्ज त्यांनी तीनदा घेतला. तिसऱ्यांदा लागला, असं जब्बारभाई सांगतो. त्याला दुजोरा देणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही. गिरजाबाई मांडवाच्या खांबाला टेकून समोर बसल्या होत्या. बँडमुळे त्यांना सूर ऐकू आला नाही. अप्पांची मान वर होती आणि तोंड उघडं होतं, एवढं त्यांनी पाहिलं.